तो चाळ, ती चाळ

खालच्या मजल्यावरच्या काकू जळमटं काढायच्या काठीने छत ठोकायच्या. तीन ठोके म्हणजे 'आता पुरे', आणि एकच सणसणीत ठोका म्हणजे 'वर येऊ का?' मी दहा वर्षांची, कथक शिकणारी. पायात पन्नास-पन्नास घुंगरं. खाली काकूंचे यजमान रात्रपाळी करून झोपलेले. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, ठक ठक ठक. पुढे पुढे तर मी त्या ठोक्यांवर तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा शेवटचा तुकडा, संपवायला शिकले. काकूंना ते कळलं असतं तर काठी घेऊन खरंच वर आल्या असत्या.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या म्हणून बीडीडी. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, संडास सामाईक. एका इमारतीत ८० बिऱ्हाडं आणि अशा आमच्याकडे ३२ इमारती होत्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आई-बाबा, आजी, आम्ही तीन भावंडं आणि जेवणाच्या वेळेला आईच्या खानावळीचे आठ मेंबर. नाचायला उरायची ती पलंग आणि मोरी यांच्यामधली जागा. अडीच फरश्या. चक्कर घेताना हात पूर्ण लांबवला की कपाटावर आपटायचा, म्हणून माझा डावा हात आजही थोडा आखूड पडतो. दादरला बाईंकडे शिकायला जायचे तेव्हा त्या ओरडायच्या, "हात कुठे चोरतेस?" मी चोरत नव्हते, कपाट वाचवत होते.

मराठीत चाळ दोन. एक ती, जिच्यात माणसं राहतात, आणि एक तो, जो पायात बांधतात. आजीला हा दुसरा शब्द घरात चालत नसे. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे, गिरण्यांतली माणसं तिकडे जायची, आणि 'पायात चाळ बांधले' या वाक्याचा पुढचा अर्थ आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे मी कथक शिकते हे आजी शेजारी सांगायची ते 'दादरला कवायतीला जाते' असं. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली. भल्या घरच्या मुलींनी नाचावं की नाही, हा तिथल्या पांढरपेशा वस्तीचा प्रश्न होता. आमचा जरा वेगळा होता. आमच्याकडे नाचाबद्दल अज्ञान नव्हतंच. उलट जास्तच माहिती होती.

बाबा कापड गिरणीत, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं घरी बसली, आणि बरीचशी नंतर घरीच राहिली. मेंबर गावाला निघून गेले, काहींची तीन-तीन महिन्यांची उधारी आईच्या वहीत तशीच राहिली. मी तेव्हा चौदा वर्षांची. बाईंच्या फीच्या वहीत माझ्या नावापुढे जवळजवळ तीन वर्षं नुसती आडवी रेघ आहे. त्या रेघेबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

हे सगळं सांगितलं की ऐकणारा लगेच जोडून टाकतो, म्हणून तुम्ही वस्तीतल्या मुलांसाठी नृत्यकेंद्र काढलंत! सत्काराच्या भाषणांत तसंच म्हणतात आणि मी मान हलवते. खरं कारण सांगते. मला जागा हवी होती. १९९७ साली मी एकोणतीस वर्षांची, फोर्टातल्या एका ऑफिसात नोकरीला, कथकची विशारद परीक्षा पूर्ण करून बसलेली, आणि रियाझाला अजून तीच अडीच फरश्यांची जागा. काकूंचे यजमान तोवर वारले होते, पण काठी काकूंकडे होतीच. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत मंडळाची व्यायामशाळा होती. तळमजला, खाली शहाबादी फरशी, भिंतीला आरसे. आरसे! पोरं दंड बघायला लावतात ते. मी मनात म्हटलं, या आरशांसमोर आपल्याला तासभर मिळाला तर. पण एकटीला कोण देणार? मुलांना शिकवते म्हटलं तर देतील. असं ते केंद्र निघालं.

दिलं, पण सहज नाही. मंडळाच्या बैठकीत मोठा प्रश्न आला तो मारुतीचा. व्यायामशाळेत शेंदूर फासलेला, दर शनिवारी तेल वाहिलेला मारुती. ब्रह्मचारी दैवत, आणि त्याच्यापुढे मुली नाचणार? व्यायामशाळा चालवणारे मास्तर कोल्हापूरकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, साठीतही मल्लखांबाला हात लावणारे. ते सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "पडदा टाकू." त्यावर एकमत झालं. एक जुनी हिरवी चादर दोरीवर चढली. चार वाजता मी आत शिरले की चादर सरकवायची, सहा वाजता पोरं डंबेल्स उचलायला आली की उघडायची. पहिली दिवाळी आली तेव्हा चादर धुवायला काढली, ती परत लागली नाही. कुणी लावली नाही, कुणी विचारलं नाही, बैठकीत विषयही आला नाही. आमच्याकडे सुधारणा अशाच होतात. ठराव करायला गेलं तर भांडणं होतात.

महिन्याला तीस रुपये फी. पहिल्या आठवड्यात अकरा मुली आणि दोन मुलगे आले. मुलगे पुढे तीन महिन्यांत गळाले. खेळाच्या मैदानावर पोरांनी त्यांना चिडवून चिडवून हैराण केलं. त्यातला एक मात्र बॅट खांद्याला लावून दारामागे उभा राहायचा आणि बॅटच्या आडोशाने पाय मारायचा. मी बघितल्याचं त्याला कळू दिलं नाही. आज वाटतं, आत बोलवायला हवं होतं.

आणि डावा पाय. याच्याविषयी मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण त्यानेच माझी निम्मी वर्षं खाल्ली.

तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, उजव्या पायाने सुरू होतो. कथक शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगतात. माझ्या तेरा मुलांपैकी नऊ जण डाव्या पायाने सुरू करायचे. सांगितलं, ओरडले, उजव्या अंगठ्याला लाल रिबीन बांधली. रिबीन बघत बघत पोरं डावा पाय आपटायची. मग उलगडा झाला. ही सगळी मास्तरांची पोरं होती. मंडळाचं लेझीम पथक मास्तर बसवायचे, आणि त्यांच्याकडे हलगी पडली की पहिला डावा. पाच-सहा वर्षांची असल्यापासून गणपतीच्या मिरवणुकीत डाव्या पायाने निघालेली ती पोरं. मी मास्तरांना जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "तुमच्यामुळे माझ्या मुलांचे पाय बिघडलेत."

"बिघडल्यात?" मास्तर म्हणाले. "कदम ताल डावा, लेझीम डावा. तुमचाच उजवा कशापायी?"

"आमची परंपरा आहे."

"मग माझीबी परंपराच हाय की, पोरी."

मी शास्त्रीय नृत्यवाली. परंपरा हा शब्द फक्त माझ्या मालकीचा आहे असं समजत होते. उत्तर सुचलं नाही, तोंड फुगवून बसले. त्यानंतर मास्तर रोज चार वाजता कोपऱ्यातल्या बाकावर येऊन बसायला लागले. एक शब्द बोलायचे नाहीत. मांडीवर बोटांनी मात्रा मोजायचे. महिनाभराने एकदा मुली गेल्यावर म्हणाले, "तेवढं पुन्हा करून दाव." मी केलं. ता थेई थेई तत्, उजवा डावा उजवा डावा. आ थेई थेई तत्, डावा उजवा डावा उजवा.

"थांब. पाचव्याला काय केलंस? 'आ'ला?"

"डावा."

"मग आमची पोरं चुकत न्हाईत. चार मात्रा फुडं हायत."

मी इतकी वर्षं तत्कार करत होते, शिकवत होते, आणि तत्काराचा दुसरा अर्धा भाग डाव्याने निघतो याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना आधी 'आ थेई थेई तत्' शिकवायला लागले. डाव्यापासून. ते जमलं की मागे जाऊन 'ता'. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ जण रुळावर आले. बाईंना हे कळवायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

तबलजी परवडायचा नाही. चाळीच्या भजनी मंडळातला एक मुलगा पखवाज घेऊन यायचा. त्याला तीनताल ऐकून माहीत होता, पण हाताला सवय भजनाची, त्यामुळे रंगात आला की तीनताल सोडून भजनी ठेक्यात उतरायचा आणि मुलीही मग टाळ हातात असल्यासारख्या डोलायला लागायच्या. घुंगरं भुलेश्वरहून आणायचो, तयार जोड घेतली तर महाग, म्हणून सुटी. ती ओवायचं काम दारातल्या बायकांनी अंगावर घेतलं. जाड सुती दोरी, प्रत्येक घुंगराला गाठ, गाठ सैल पडली तर घुंगरू सरकतं आणि आवाज एकावर एक चढतो. माझ्या आईने त्यांना पहिल्यांदा गाठ दाखवली. आई अन्नपूर्णा महिला मंडळाची जुनी सभासद. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी ते काढलं, बँकेचं कर्ज मिळायला लागलं, सावकार सुटला. संपाने मेंबर नेले, पण दहा बायका एकत्र बसवून त्यांच्याकडून एक काम तडीस न्यायची कला आईच्या हातात राहिली होती. मला ती नव्हती. मी सूचना द्यायचे, आई पाट मांडायची.

दारातल्या बायका म्हणजे मुलींना सोडायला येऊन तिथेच थांबणाऱ्या आया. व्यायामशाळेला बाहेर दोन पायऱ्या होत्या, त्यांवर बसायच्या. भाजी निवडायच्या, भिशीचे पैसे गोळा करायच्या, आणि मान तिरपी करून आत बघायच्या. त्यांतल्या एका वहिनींनी दुसऱ्या वर्षी मला विचारलं, "ताई, आम्हाला नाही का येणार हे?" वय असेल चाळिशीचं. नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेला, ह्या सकाळी दोन घरी पोळ्या करायच्या. हसत हसतच विचारलं होतं. मीही हसत हसत म्हटलं, "आता गुडघे वाकायचे नाहीत हो तुमचे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संस्था रीतसर नोंदवायची ठरली तेव्हा सात सभासद लागतात हे कळलं. सात सह्या मिळवताना माझी दमछाक झाली. मी, आई, मास्तर, पखवाजवाल्याचे वडील, कोपऱ्यावरचे किराणावाले, एक शाळेतल्या बाई. सहा. सातव्या म्हणून त्या वहिनींना विचारलं, कारण भिशी त्या चालवायच्या आणि बारा वर्षांत एका रुपयाचा घोळ नव्हता. त्या खजिनदार झाल्या. उद्देशांच्या कलमात मी लिहिलं होतं, 'शास्त्रीय नृत्यकलेचा कामगार वस्तीत प्रसार व प्रचार करणे'. मास्तर वाचून म्हणाले, "प्रसार म्हंजे हितं न्हवतंच काय, असं वाटतंय." मी ते वाक्य तसंच ठेवलं. सरकारी कागदावर भाषा भारदस्त असावी, असं मला वाटायचं.

परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, मग दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, असं चढत जायचं. पहिल्या वर्षी प्रवेशिकेला बसलेल्या एका चुणचुणीत मुलीला परीक्षकांनी तोंडी विचारलं, "घराणं कोणतं तुमचं?" लखनौ, जयपूर, बनारस असं काहीतरी उत्तर हवं. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "डिलाईल रोड." परीक्षक पोट धरून हसले, मार्क मात्र कापले नाहीत. मी बाहेर ओशाळून उभी. ती पोरगी मला विचारतेय, "ताई, बिल्डिंग नंबर पण सांगायला हवा होता का?"

मग २६ जुलै २००५.

मंगळवार होता, म्हणजे क्लासचा दिवस. फोर्टात ऑफिसात बसून काही कळत नव्हतं. कुलाब्याला त्या चोवीस तासांत ७३ मिलिमीटर पाऊस पडला आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात दोन वेगळी आभाळं. क्लाससाठी मी नेहमीसारखी लवकर निघाले, बस भायखळ्यापर्यंत आली आणि थांबली, पुढे चालत. पोचले तोवर व्यायामशाळेत पोटरीभर पाणी. मास्तरांनी मुलींना आधीच आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आणून बसवलं होतं, तबकात मारुतीची तसबीर घेऊन स्वतः पायरीवर. मुली सुरक्षित होत्या. पण चाळीतली अर्धी पुरुषमंडळी आणि नोकरीवाल्या मुली अंधेरी, साकीनाका, बोरिवलीकडे. गाड्या बंद. फोन लागत नव्हते. दिवे गेलेले.

पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंनी दारं उघडी टाकून बायका बसल्या. कुणी मेणबत्त्या लावल्या. आधी बोलणं चालू होतं, मग थांबलं. मुलं रडकुंडीला आली. रात्रीचे दहा वाजले असतील. टोकाच्या खोलीतली मालवणची आजी, ऐंशीच्या घरातली, भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "उठा गो बायांनो. बसान रवलात म्हणान काय ते लवकर येवचे नाय."

श्रावणाला अजून दहा दिवस होते, गौरी तर कितीतरी लांब. पण तिने दोघींचे हात धरले आणि फेर सुरू केला. आधी दोघी-चौघी लाजत उठल्या. मग झिम्मा आला. मग फुगड्या. पॅसेज जेमतेम एवढा रुंद की फुगडी पूर्ण पसरली तर वेण्या भिंतींना लागतील. मी उंबऱ्यात बसून बघत होते. साताऱ्याकडच्या बायकांची फुगडी वेगळी, कोकणातल्यांची वेगळी. टाळी कुठे पडते ते वेगळं, श्वास कुठे घेतात ते वेगळं. गाण्याची ओळ संपायच्या आधी पाय थांबतो आणि त्या रिकाम्या जागेत हुंकार येतो. ही जागा आम्ही समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी सोडायला शिकतो, वर्षं घालवून. इथे ती भाकरी थापण्याइतकी सहज होती.

आणि वहिनी. त्यांचा नवरा त्या रात्री मरोळला पहाऱ्यावर होता. त्यांनी पदर खोचला आणि बसफुगडी घातली. बसफुगडी म्हणजे उकिडवं बसून, गुडघ्यांवर सगळा भार घेऊन, एक पाय पुढे एक मागे, उड्या. एक जोडीदारीण दमली, दुसरी आली. ती दमली, तिसरी आली. मेणबत्ती खाली ठेवलेली, त्यामुळे भिंतीवर त्यांची सावली मोठी पडली होती, आणि त्या सावलीच्या गुडघ्यांकडे मी बघत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. उठल्यावर माझ्यासमोर येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मीही 'गुडघे' हा शब्द त्यानंतर त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

पहाटे तीनपासून माणसं एकेक करून यायला लागली. कमरेपर्यंत ओली, चपला हातात. प्रत्येक जण जिना चढला की फेर थांबायचा, ज्याचं त्याचं माणूस बाजूला व्हायचं, आणि उरलेल्या पुन्हा हात धरायच्या. वहिनींचे यजमान दुसऱ्या दिवशी दुपारी आले.

त्याच गणपतीनंतर रात्री नऊ ते दहा अशी आयांची बॅच सुरू झाली. घरातलं उरकून यायच्या, काहींच्या हाताला अजून कांद्याचा वास. मी पुन्हा तत्कारच शिकवायला घेतला, ते बघून त्या मालवणी आजीने विचारलं, "आमचा नाच तू कधी शिकतलंस?" प्रश्न बरोबर होता. त्या वर्षी मी पहिल्यांदा बसफुगडी शिकले. सदतिसाव्या वर्षी. चौथ्या उडीला बसकण मारली, सगळ्या बायका हसून लोळल्या. आरशात मागे मारुती दिसत होता.

यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती बहुतेक संस्थेची माणसं बदलली की भरायचे चेंज रिपोर्ट, हिशेबतपासणी, कार्यक्रमाचे हॉल आणि साड्या इस्त्री करण्यात गेली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा आल्या आणि आया विचारू लागल्या, "ताई, फ्लिप शिकवता का?" शिकवत नव्हतो. काही मुली गेल्या, काही फ्लिप शिकून कंबर धरून परत आल्या. शहाबादी फरशीवर वर्षानुवर्षं तत्कार करून माझ्या नडग्या आणि मग उजवा गुडघा गेला. लाकडी जमीन हवी होती. दोनदा पैसे जमवले, दोन्ही वेळा ते कुणाच्या तरी ऑपरेशनला दिले. खजिनदार वहिनींनी मला विचारलंही नाही, सरळ दिले, नंतर वहीत सही मागितली. मी चिडले होते. आता सांगायला हरकत नाही, मी फार चिडले होते. तिसऱ्यांदा पैसे जमले तेव्हा मास्तर आजारी होते.

मास्तर गेले त्या दिवशी लेझीम पथक आणि माझ्या मुली एकत्र चालल्या. हलगी नव्हती. नुसते पाय. पहिला डावा.

पुनर्विकासाचं काम सुरू झालं तशा इमारती एकेक करून रिकाम्या होत गेल्या. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाडं घेऊन विरार, कळवा, बदलापूर. लोकांना मोठी घरं मिळणार, स्वतःचा संडास मिळणार, याचा मला आनंदच आहे. टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही चाळीबद्दल हळवं व्हायचा अधिकार नाही, असं माझं मत आहे. पण सत्तर मुलांवरून आम्ही एकोणीसवर आलो. मधे टाळेबंदीत फोनवर क्लास झाले. मुली पलंगावर उभ्या राहून तत्कार दाखवायच्या, कारण खाली भाऊ अभ्यासाला बसलेला. व्यायामशाळा रिकामी केली तेव्हा मारुती वाजतगाजत दुसरीकडे नेला. आरसे काढताना एक तडकला. फरशी तेवढी उरली. मी उगाच आरशांसमोरची जागा चाचपून बघितली. मधल्या तीन-चार फरश्या बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत होत्या, पायाला कळायचं, डोळ्यांना नाही.

आता रविवारी सकाळी जवळच्या एका शाळेचा हॉल मिळतो. विरारहून येणाऱ्या दोघी पहाटेची गाडी पकडतात. शिकवते ती डिलाईल रोड घराण्याची पोरगी. तिची विशारदच्या पुढची अलंकार परीक्षा झालीय, नोकरी आहे, लग्न होऊन ती लालबागच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहते. तिने सोसायटीत संध्याकाळची एक बॅच काढून बघितली, तीन आठवड्यांत बंद पडली. "आता काठीने ठोकत नाहीत हो ताई," ती म्हणाली, "ग्रुपवर टाकतात." ती कथक शिकवते, पण मधेच कोकणातल्या जाखडी नाचाचा फेर घेते, मधेच कसलंसं नवीन गाणं लावते, आणि तोडा संपवून मुलांना जमिनीवर आडवं पाडते. मला त्यातलं निम्मं पटत नाही. एकदा बोलून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि तसंच चालू ठेवलं. गुडघ्यामुळे मला उभं राहवत नाही, म्हणून मी दाराशी आयांबरोबर बाकावर बसते.

गेल्या महिन्यात एक नवीन बाई मुलीला घेऊन आल्या. वरळीहून. माझ्या शेजारी टेकल्या, पर्स मांडीवर घेतली, आत बघत बसल्या. आत तत्कार चालू होता. पुढे लहान मुली, मागे आयांची बॅच, आता त्यांना आज्यांची म्हणायला हवं. थोड्या वेळाने त्यांनी ओळख काढायला विचारलं, "तुमची कोणती यातली?"

मी आत नजर फिरवली.

"ती," म्हटलं. "मागच्या रांगेतली. डावा पाय आधी टाकतेय ती."

त्या वाकून बघायला लागल्या. मागच्या रांगेत वहिनी होत्या. पासष्टी उलटलेल्या, पदर खोचलेला, चश्मा दोरीने बांधलेला.

"अय्या, त्या तर तुमच्याहून मोठ्या दिसतात!"

"हो ना," मी म्हटलं. "जरा उशिराच घातली क्लासला."